‘व्हायरल आहे’ म्हणजे नेमके काय?

वस्तीत खोकला सुरू झाला की घरोघरी पसरतो. दवाखान्यातून परत आलेल्या आईला विचारले तर उत्तर ठरलेले, “डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे.” पण कोणता व्हायरस? हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आज त्यातल्या एकाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ॲडिनोव्हायरस.

१९५३ साली अमेरिकेत, नाकामागच्या ॲडिनॉइड गाठींमध्ये तो प्रथम सापडला, म्हणून हे नाव. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांना क्रमांक दिले आहेत. ४० व ४१ क्रमांकाने जुलाब होतात, ८ क्रमांकाने डोळे येतात, ३ व ७ क्रमांक घसा आणि फुप्फुस धरतात. बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात. मात्र लहान, अशक्त लेकराला ७ क्रमांकाचा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो.

कोणता क्रमांक आहे, हे छाती तपासून किंवा एक्स-रे काढून कळत नाही. त्यासाठी नाकातून किंवा घशातून काडीने नमुना घेतात. आधी विषाणू आहे की नाही ते पाहतात, मग त्याची जनुके वाचतात. अशा अनेक रुग्णांची माहिती एकत्र मांडली की कोणता प्रकार कुठे, कधी आणि कोणत्या वयाला गाठतो ते दिसते.

कोरोनात आपण हे पाहिले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. त्या सुमारास महाराष्ट्रातील नमुन्यांची जनुके वाचली, तेव्हा विषाणू बदलल्याचे समजले. त्याच कुळातला डेल्टा पुढे जगभर पसरला.

ॲडिनोव्हायरसच्या बाबतीत असेच पश्चिम बंगालमध्ये घडले. २०२२ च्या अखेरीपासून तिथली बालरुग्णालये श्वासाच्या आजाराने भरली, मुले दगावली. कोलकात्याच्या सरकारी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा ७ आणि ३ या दोन प्रकारांचे तुकडे जुळून झालेला विषाणू सर्वाधिक आढळला. दोन प्रकार एकाच शरीरात एकत्र आले की अशी अदलाबदल होऊ शकते. नमुने घेतले नसते तर हेही ‘व्हायरल’ म्हणूनच संपले असते.

या विषाणूवर आपल्या मुलांसाठी लस नाही, खास औषधही नाही. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, म्हणून मेडिकलवरून मनाने आणून देऊ नका. डॉक्टरांनी दिले तर ते कशासाठी, हे विचारा.

घरी काय करावे?

- हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने हा विषाणू सहजासहजी मरत नाही. भांडी, खेळणी, दाराची कडी यांवर तो बरेच दिवस टिकतो.
- आजारी लेकराचा टॉवेल आणि पेला वेगळा ठेवा. त्याला अंगणवाडीत पाठवू नका.
- अंगावरचे दूध चालू ठेवा. चुलीच्या धुरापासून लेकरू दूर ठेवा.
- पोटावर डाग देऊ नका.

लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, दूध पीत नाही, ओठ निळे पडतात, झटके येतात किंवा लेकरू सुस्त पडते, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा.

भरती असलेल्या लेकराचा नमुना मागितला तर नाही म्हणू नका. त्याने त्याला इजा होत नाही. उलट अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. २०२४ पासून वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. तिथपर्यंत आपल्या वस्तीचा आजार पोहोचला पाहिजे. एका वस्तीत एकाच आठवड्यात बरीच मुले आजारी पडली तर आशाताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. नोंद झाली तरच चौकशी होते, आणि चौकशी झाली तरच पुढचे लेकरू वाचते.