ज्या कथेचं नाव कुणी सांगत नाही

यशवंतपूर जंक्शनवरून लातूरला गाडी जाते, पंढरपूरलाही जाते. बंगळुरात नोकरीला असलेली मराठी माणसं या गाड्यांनी घरी निघतात. डब्यातले दिवे मालवले की वरच्या बर्थवर मोबाइलचा उजेड पडतो. त्यावर काय वाचलं जातंय, हे खालच्या बर्थवरच्या काकांना कळायची सोय नाही. पूर्वी फुटपाथवरचं पिवळं पुस्तक घ्यायचं तर आधी आजूबाजूला बघावं लागे, मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी जाई. एवढं करूनही विकणाऱ्याला तोंड दाखवावंच लागे. आता तोही साक्षीदार उरलेला नाही.

पण मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या वरच्या बर्थवरच्या माणसाला ती कथा सापडली कशी?

पुस्तक खपतं ते बहुतेक वेळा तोंडी. ‘मृत्युंजय’ वाचलंस का, असं कुणीतरी विचारतं आणि न वाचणाऱ्याला चुकल्यासारखं होतं. पुस्तक भेट दिलं जातं, दिवाणखान्यातल्या कपाटात पाहुण्यांना दिसेल असं ठेवलं जातं. शृंगारिक कथेच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ती आवडलेला वाचक मित्राला सांगत नाही, स्वतःच्या नावानं अभिप्राय लिहीत नाही आणि वाढदिवसाला तर नक्कीच देत नाही. ज्या मालाचं प्रत्येक समाधानी गिऱ्हाईक गप्प बसतं, तो माल बाजारात टिकावा कसा? आणि तरीही तो शतकानुशतकं टिकून आहे.

कागदाच्या काळात या मौनावर दोन उतारे होते. पहिला म्हणजे मुखपृष्ठ. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आवाज’ दिवाळी अंकानं, म्हणजे मधुकर पाटकरांनी, त्याचा कळस गाठला. पानाला खिडकी कापलेली. खिडकीतून दिसतं ते भलतंच चावट, आणि पान उलटलं की आत काहीतरी अगदी निरुपद्रवी निघतं. घरातल्या आजोबांपासून सगळे ती खिडकी उघडत आणि पाप वाचणाऱ्याच्या मनात असल्याचं सिद्ध होई. विक्रीची इतकी हुशार युक्ती मराठीत पुन्हा झाली असेल, असं मला वाटत नाही.

दुसरा उतारा लेखकानं मागितलेला नव्हता. तो म्हणजे खटला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयानं लेखक आणि मुद्रक-प्रकाशकाला दोषी धरलं आणि दंड केला प्रत्येकी २५ रुपये. एवढ्या दंडासाठी काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले! २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. लैंगिक उल्लेख आला की लेखन अश्लील, असं धरलं तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकता येणार नाही, अशा आशयाचं न्यायमूर्तींनी म्हटलं. ज्या कथेचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, तिचं नाव सरकारी खर्चानं देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेलं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून काढलेला ‘दो रास्ते’ हा चित्रपट पडद्यावर आला. एकत्र कुटुंबाची कहाणी, सगळ्या घरानं मिळून बघावी अशी. हे दोन्ही एकाच माणसाचं, एकाच नावावर.

इंटरनेटच्या दुकानात मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं झालं आणि खटले क्वचितच घडतात. तिथे शिफारस करायला बसलं आहे एक यंत्र, ज्याला लाज नाही.

त्याची रीत बघण्यासारखी आहे. अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये ती एका शोधनिबंधात मांडली होती. साधारण कल्पना अशी होती की तुमच्यासारखी आवड असलेली माणसं शोधावीत आणि त्यांनी काय घेतलं ते तुम्हाला दाखवावं. त्यांनी हे उलटं केलं. माणसांची तुलना सोडून वस्तूंची तुलना केली. एक पुस्तक घेणाऱ्यांनी दुसरंही घेतलं, असं पुन्हा पुन्हा घडलं की ती दोन पुस्तकं शेजारी झाली. का घेतलं, कुणी घेतलं, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. म्हणजे वाचकानं तोंडातून शब्द न काढता शिफारस होऊन जाते. त्यानं नुसतं विकत घेतलं तरी पुरे. लाजाळू वाचकासाठी याहून सोयीची व्यवस्था कुणी मुद्दाम आखली असती तरी जमली नसती.

पुढचं पाऊल आणखी विलक्षण आहे. अॅमेझॉनच्या ‘किंडल अनलिमिटेड’ योजनेत वाचक महिन्याचे पैसे भरतो आणि हवी तेवढी पुस्तकं वाचतो. सुरुवातीला नियम असा होता की वाचकानं पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की लेखकाला त्याचे पैसे मिळत. वीस पानांच्या पुस्तकाचा दहावा हिस्सा म्हणजे दोन पानं! शृंगारिक लिहिणाऱ्यांच्या हे ताबडतोब लक्षात आलं आणि छोट्या छोट्या कथांचं पीक आलं. जुलै २०१५ मध्ये नियम बदलला: जितकी पानं खरोखर वाचली जातील, तितके पैसे. छोट्या कथांचं गणित एका रात्रीत बिघडलं. कथा लांबल्या, त्यांच्या मालिका झाल्या, नायक-नायिकेला पूर्वायुष्य आलं, सासर-माहेर आलं. हिशेबाच्या एका कलमानं एका साहित्यप्रकाराची लांबी बदलली. समीक्षकांना हे कधी जमलं नसतं.

आता शोधाकडे येऊ, कारण यंत्राची शिफारस नव्या पुस्तकाला मिळत नाही. ज्याला अजून कुणी घेतलेलंच नाही, त्याला शेजारी कुठून येणार? ते सापडायचं तर वाचकाच्या शोधशब्दांतूनच. आणि या प्रकारचा वाचक लेखकाच्या नावानं शोधत नाही. तो प्रसंग शोधतो: कचेरीतलं प्रेम, दुसरं लग्न, शेजारी राहायला आलेली बाई, पावसात अडकलेले दोघे. प्रत्येकाची आवड इतकी नेमकी असते की ‘प्रेमकथा’ हा शब्द त्याला निरुपयोगी वाटतो.

या नेमकेपणाची सर्वांत देखणी व्यवस्था कुठल्या कंपनीनं नव्हे, चाहत्यांनी उभी केली. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे २००९ मध्ये खुलं झालेलं चाहत्यांच्या कथांचं संकेतस्थळ देणग्यांवर चालतं, जाहिराती घेत नाही. लेखकानं कथेला हवी ती लेबलं लावावीत, हवी तशी, अगदी वाक्यंच्या वाक्यं. पडद्याआड स्वयंसेवक बसून एकाच अर्थाची वेगवेगळी लेबलं एकमेकांना जोडतात, त्यामुळे एक शोधलं की सगळी सापडतात. कथा प्रौढांसाठी आहे का, त्यात काय आहे, काय नाही, हे वाचण्याआधीच कळतं. २०१९ मध्ये या संकेतस्थळाला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्याला साहित्याचं अंगण म्हणायलाही अनेक जण तयार नव्हते, तिथली ग्रंथपालांची कामगिरी जगानं मान्य केली.

चाहत्यांच्या अशाच जगातून ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ निघालं. आधी दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेली, भागाभागानं टाकलेली कथा. मग २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाचं ई-पुस्तक. मग दहा कोटींहून अधिक प्रती. त्याच्या मुखपृष्ठावर काय होतं? एक राखाडी टाय. आणि किंडलवर तर तोही दिसत नाही. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाई ‘दासबोध’ वाचताहेत की हे, ओळखून दाखवा.

इथवर सगळं गोड. पण शोधून देणारं हेच यंत्र लपवूही शकतं आणि ते लपवणं दिसत नाही. एप्रिल २००९ मध्ये अॅमेझॉनवर हजारो पुस्तकांचे विक्रीक्रमांक अचानक नाहीसे झाले. त्यात समलिंगी विषयांवरची गंभीर पुस्तकंही होती. बोभाटा झाल्यावर कंपनीनं सूचीकरणातली चूक असल्याचं सांगितलं आणि बाधित पुस्तकांचा आकडा दिला: ५७,३१०. एकही पुस्तक काढून टाकलेलं नव्हतं. फक्त क्रमांक गेला, म्हणून ती शोधात मागे पडली आणि दिसेनाशी झाली. ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का बसलेलं पुस्तक सर्वसाधारण शोधात न येणं हे तिथल्या लेखकांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. ते त्याला तळघर म्हणतात. आत तेच पान, तोच मजकूर, पण मुखपृष्ठावर उघडी पाठ असेल तर तळघर, टाय असेल तर दर्शनी काच. म्हणून जाणता लेखक सगळा वाह्यातपणा आत ठेवतो आणि मुखपृष्ठाला अंगभर कपडे घालतो.

आणि दुकानदाराच्याही वर कुणीतरी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये पेपाल या पैसे पोचवणाऱ्या कंपनीनं ‘स्मॅशवर्ड्स’ या ई-पुस्तकविक्रेत्याला कळवलं की अमुक विषयांची कथानकं काढा, नाहीतर व्यवहार बंद. गदारोळ झाला, तेव्हा महिनाभरात माघार घेतली. २०१३ च्या ऑक्टोबरात आक्षेपार्ह ई-पुस्तकांवरून ओरड झाल्यावर इंग्लंडातल्या डब्ल्यूएचस्मिथ या पुस्तकविक्रेत्यानं काही काळ सगळं संकेतस्थळच बंद ठेवलं. जुलै २०२५ मध्ये ‘इच’ या खेळ आणि पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळानं पैसे वळते करणाऱ्यांच्या दबावाखाली प्रौढ मजकूर शोधातून काढला. वाचक, लेखक, दुकान तिघं राजी असताना नको म्हणणारा चौथा हा पैशांचा हमाल असतो, हे कळल्यावर मी बराच वेळ हसत होतो.

पुन्हा यशवंतपूरच्या शहरात येऊ, कारण भारतीय भाषांतल्या कथांचं एक मोठं दुकान याच शहरात आहे. २०१४ मध्ये पाच जणांनी ‘प्रतिलिपि’ सुरू केली. त्यांच्या कंपनीचं नाव नासदीय टेक्नॉलॉजीज. नाव थेट ऋग्वेदातलं. मराठीसह बारा भाषा, कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. २०२१ मध्ये तिच्यात ४ कोटी ८० लाख डॉलरची गुंतवणूक झाली, तिचं नेतृत्व केलं ‘पब्जी’ हा खेळ करणाऱ्या क्राफ्टननं. बंदुकांच्या खेळावर मिळवलेला पैसा आपल्याकडच्या नवरा-बायकोच्या रुसव्या-फुगव्यांच्या कथांवर लागला! कथा भागाभागानं येते, ऐन क्षणी थांबते, आणि वाचक दुसऱ्या दिवशी परत येतो. पण उघड शृंगाराला इथे वाट अरुंद आहे. मोबाइलच्या अॅप-दुकानांचे नियम तसल्या अॅपला थारा देत नाहीत आणि माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगतं. साहित्य-कलेला सूट आहे खरी, पण ती सिद्ध करायला काकोडकरांइतकी चिकाटी लागते. म्हणून इथली चतुर लेखिका दार लावून घेते आणि भाग तिथेच संपवते. उरलेलं वाचक स्वतःच पुरं करतो.

मराठीत शोधाची आणखी एक गंमत आहे. कुणी ‘शृंगारिक’ लिहितो, कुणी ‘श्रृंगारिक’. कुणी ‘कामुक’, कुणी ‘कामूक’. शोधयंत्र भोळं असेल तर ही चार वेगळी जगं. शुद्धलेखनात पक्की असलेली लेखिका अर्धे वाचक गमावते. म्हणून अनुभवी माणसं कथेत शुद्ध लिहितात आणि लेबलांत मुद्दाम अशुद्धही टाकतात. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, पण घेणारे इंग्रजीच्या मानानं मूठभर, त्यामुळे शेजार जुळवणारं यंत्र मराठीत आंधळी कोशिंबीर खेळतं. चार-दोन जणांनी योगायोगानं दोन पुस्तकं एकत्र घेतली तरी ती कायमची शेजारी होऊन बसतात.

या शेजार जुळवण्यातूनच टोपणनावाची निकड आली. समाजाची भीती हे त्याचं एक कारण. यंत्राची भीती हे मोठं. एका नावावरची सगळी पुस्तकं यंत्र एका माळेत ओवतं. एखाद्या बाईंनी दिवसा बडबडगीतं लिहिली आणि रात्री दुसरं काही, आणि दोन्ही एकाच नावावर चढवलं, तर मुलीसाठी ‘चिऊताई’ विकत घेणाऱ्या आईला यंत्र मोठ्या अगत्यानं विचारतं, याच लेखिकेची ही कथाही आवडेल का? ‘फिफ्टी शेड्स’च्या ई. एल. जेम्सचंही ते टोपणनावच. काकोडकरांना याची गरज पडली नाही. ‘श्यामा’ आणि ‘नीलांबरी’ एका नावावर सुखानं नांदल्या, कारण वाचनालयातला ग्रंथपाल दोन्ही पुस्तकं ओळखत होता आणि कुणाच्या हाती कुठलं द्यायचं, हे समोरच्या माणसाकडे बघून ठरवत होता.