पोथीतला पाठ, पोटातला पुरावा

जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिक पुष्कळदा एक गाऱ्हाणे मांडून ठेवतो. लिहून लिहून पाठ, कंबर, मान सगळे मोडले, डोळे एका जागी खिळले, तेव्हा बाबांनो, एवढ्या कष्टाची ही पोथी नीट जपा. गाऱ्हाणे ठरलेल्या साच्याचे असते. पण ते योगाच्या पोथीखाली आले की हसू येते. वर आसनांनी देह कसा हलका आणि नीरोगी होतो त्याची महती, आणि खाली ती महती उतरवून घेणाऱ्याची मान अवघडलेली!

अशा पोथ्यांच्या मागे लागलेली एक संस्था लोणावळ्याला, वळवणला आहे. मुंबईहून येणारी मंडळी चिक्की घेऊन परततात. कैवल्यधामचे नाव घेतले तर 'तिथे योगासने शिकवतात' एवढे सांगतात. ते खरेच आहे. पण त्याच आवारात योगग्रंथांचे ग्रंथालय आहे, हस्तलिखिते आहेत आणि ती पडताळून छापणारा संशोधन विभाग आहे. देशभरच्या संग्रहांत विखुरलेल्या योगविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचीही याच विभागाने तयार केली. ती दिसायला रुक्ष. कुठल्या गावी, कुठल्या संग्रहात, किती पानांची, पुरी की अपुरी. पण अभ्यासकाचे पहिले पाऊल तिथेच पडते.

संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात देह घडवला, अंमळनेरला शिक्षणाचे काम केले आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. संस्कृत, आखाडा आणि साधना ही तिन्ही एका माणसात एकवटली, म्हणूनच पुढचे घडले असे मला वाटते. नुसत्या शास्त्रीबुवांनी पोथी छापली असती, नुसत्या पैलवानाने शाळा काढली असती.

गुणे यांना खटकत होती ती एक साधी गोष्ट. हठग्रंथांत बस्ती नावाची क्रिया सांगितली आहे. साधकाने नाभीएवढ्या पाण्यात उकिडवे बसायचे, गुदद्वारात नळी ठेवायची आणि पाणी आत ओढून घ्यायचे. पंप नाही, पिचकारी नाही. मग पाणी चढते कसे? परंपरेचे उत्तर वायूच्या भाषेत होते, आणि ते प्रयोगात धरता येत नव्हते. 1920च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात आपल्या शिष्यांना उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करायला लावून क्ष-किरणांखाली पाहिले, आतड्यातला दाब मोजला. नौलीत पोटाचे स्नायू उभे राहतात तेव्हा मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. पाणी त्या पोकळीकडे धावते. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले: माधवदास व्हॅक्यूम. नाव इंग्रजी-मराठी खिचडीचे असले तरी ते दोन्ही घराण्यांना धरून आहे.

1924मध्ये कैवल्यधाम निघाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिकही. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत हे प्रयोग छापले गेले. 1927मध्ये रक्तदाबाने बेजार झालेल्या गांधीजींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. तिशीच्या दशकात येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन इथे राहून स्वतःवर प्रयोग करून गेले. या भेटींची वर्णने मोठ्या कौतुकाने सांगितली जातात. मला त्याहून पोथ्यांचे काम मोलाचे वाटते. ते मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते.

काम काय असते, ते पाहू. स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' पंधराव्या शतकातली. तिच्या नकला देशभर. छापील रूपात ती आपल्याकडे गाजली ती मुंबईच्या तुकाराम तात्या पडवळांमुळे. तुकोबांची गाथा छापणारे हेच तात्या. त्यांनी 1893मध्ये ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' टीकेसह ती काढली, आणि 'हठयोगप्रदीपिका' हे नाव लोकांच्या जिभेवर बसले. त्या एका छापील पाठावर पुढे कित्येकांनी विश्वास टाकला. कैवल्यधामच्या स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी 1970मध्ये नवी आवृत्ती काढली तेव्हा अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली, आणि नावही हस्तलिखितांतले घेतले: 'हठप्रदीपिका'.

ताडून पाहणे म्हणजे काय, हे एकदा पोथीपुढे बसल्याशिवाय कळत नाही. शब्दांत अंतर नाही. शिरोरेषा ओळभर सलग धावते, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे. चूक झाली तिथे हरताळ फासलेला, त्यावर पुन्हा अक्षर. उत्तरेकडच्या लेखनिकांना 'ख'च्या जागी 'ष' लिहायची सवय, तेव्हा खेचरी मुद्रा 'षेचरी' होऊन बसते. ते ओळखीचे असल्याने निभावते. एखाद्या अनोळखी वनस्पतीचे नाव असे बदलले की संपादक अडकला.

त्या 1970च्या आवृत्तीत एक पाहुणा आहे. आपण ऐकत आलो ते या ग्रंथाचे चार उपदेश, म्हणजे प्रकरणे. थोड्या हस्तलिखितांत पाचवा उपदेश मिळतो, आणि संपादकांनी तो छापला. विषय असा की, साधना चुकीची झाल्यामुळे वायू आडमार्गाला गेला आणि रोग जडला, तर उपाय काय. स्वात्मारामाचाच हात, की नंतरच्या कुणा अनुभवी माणसाची भर? कुणाचाही असो, तो लिहिणाऱ्याने बिघडलेले साधक डोळ्यांनी पाहिले होते हे नक्की.

पुढे कैवल्यधाममध्येच घडलेले डॉ. म. ल. घरोटे यांनी 1996मध्ये लोणावळा योग इन्स्टिट्यूट काढून हेच काम निराळ्या चुलीवर चालवले. चारावर समाधान मानणाऱ्यांना त्यांनी दहा उपदेशांची 'हठप्रदीपिका' 2001मध्ये छापून दाखवली. श्रीनिवासाची 'हठरत्नावली' 2002मध्ये आली. हा श्रीनिवास मोठा भांडखोर. शुद्धिक्रिया सहा नव्हे, आठ, असे सांगत तो स्वात्मारामाच्या चुका काढतो. चौऱ्याऐंशी आसने आहेत असे सगळेच म्हणत; याने ती नावांनिशी मोजून दिली.

हे सगळे कागद लोणावळ्याच्या हवेत जपायचे म्हणजे परीक्षाच. शेजारी कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनांचा शिलालेख आहे, त्यात मावळाचे नाव 'मामाल' अशा रूपात येते. दगडाने दोन हजार पावसाळे सोसले. कागदाला एक आषाढ पुरतो. पूर्वी बासनात वेखंडाचा तुकडा ठेवत आणि पावसाळा सरला की पोथ्यांना ऊन दाखवत.

लोणावळ्याच्या कपाटांत नसलेली एक पोथी मात्र या कथेत हवीच. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात कपालकुरंटकाची 'हठाभ्यासपद्धती' आहे. बहुधा अठराव्या शतकातली, शेवट नसलेली. तिच्यात 112 आसने आहेत, आणि ती बसून डोळे मिटायची नव्हेत: दोरावर चढायचे, भिंतीला पाय लावायचे, दंडासारख्या आवृत्त्या काढायच्या. मराठी वाचकाला आखाड्याचा, मल्लखांबाचा वास लगेच येतो. लंडनच्या सोआस संस्थेतल्या हठयोग प्रकल्पाने (2015 ते 2020) तिचा अभ्यास केला तेव्हा केवळ शब्दांवर भागेना. वर्णन वाचून साधकांना ती आसने करायला लावली, आणि देह कुठे अडतो ते पाहून वाचनाचा अर्थ सुधारला. वळवणच्या मंडळींना ही रीत नवी वाटायचे कारण नाही.

मंडळाच्या त्या पोथीत एकेका आसनाच्या वर्णनापुढे थोडी जागा कोरी सोडलेली आहे. तिथे बहुधा चित्र काढायचे होते. त्याच आसनांची चित्रे म्हैसूरच्या राजवाड्यातल्या 'श्रीतत्त्वनिधी'त रंगवलेली सापडतात. पुण्याच्या पोथीतल्या जागा अजून कोऱ्याच आहेत.