ऊस कारखान्याला, कस शेताला

साखरेच्या पोत्यातून शेताचा कस किती बाहेर जातो? जवळजवळ काहीच नाही. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उसाने हवा-पाण्यातून घेतलेले आणि उन्हाच्या बळावर जोडलेले. नत्र, स्फुरद, पालाश त्यात नसतात. इथेनॉलमध्येही नसतात. ज्या मालाचे पैसे होतात, त्यातून जमिनीचं काही जातच नाही. तरीही जमिनीचा कस गेला, दरवर्षी खताचं एखादं पोतं जास्तच लागतं, अशी तक्रार ऊसपट्ट्यात घरोघरी ऐकू येते. मग हा कस गळतो कुठे?

पहिली गळती शेतातच होते. ऊसतोड टोळी वाढे बांधून नेते. ते जनावरांच्या दावणीला जातात आणि त्यांचं शेण होतं. मागे उरतं ते पाचट, हेक्टरी साधारण 8 ते 10 टन. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, थोडं स्फुरद, एक टक्क्यापर्यंत पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. रान लवकर मोकळं व्हावं म्हणून काडी लावली, की कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातात. पालाश राखेत उरतो, पण ती राख वाऱ्या-पावसाच्या हवाली.

पाचट ठेवायचं तर नुसतं पसरून भागत नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र कमी. ते कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि खोडवा काही दिवस पिवळा पडतो. म्हणून पाचट सरीत दाबून बुडखे उघडे करायचे, ते जमिनीलगत छाटायचे आणि पाचटावर टनामागे सुमारे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जीवाणू खत टाकून पाणी द्यायचं. पाचटाखाली ओल टिकते, तण दबतं. पाटपाण्याच्या पाळ्या लांबल्या तर हाच मोठा आधार.

दुसरी गळती कारखान्याच्या फाटकापलीकडे होते. उसाबरोबर आलेली अन्नद्रव्यं तिथे वाटली जातात. रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडमध्ये स्फुरद आणि कॅल्शियम राहतं. बगॅस बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्या राखेत सिलिका व थोडा पालाश उरतो. उसाला नत्रापेक्षाही जास्त लागणाऱ्या पालाशचा मोठा वाटा मळीत उतरतो. मळीपासून अल्कोहोल काढलं की तो स्पेंट वॉशमध्ये येतो. हेच काळपट पाणी कच्चं ओढ्यात सोडलं तर मासे मरतात, विहिरी नासतात. प्रेसमडवर फवारून नीट कुजवलं तर उत्तम कंपोस्ट होतं. काही ठिकाणी ते आटवून जाळतात. त्यात नत्र जातं, पण पालाश राखेत सापडतो. मळीपासूनच्या या पालाशला, 14.5 टक्के प्रतीच्या खताला, केंद्राने 2021 मध्ये अनुदान योजनेत घेतलं. आपण पोटॅश खतासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत, हे लक्षात घेतलं की या राखेची किंमत कळते.

आता प्रेसमडपासून गॅस करण्याचे प्रकल्प येत आहेत. खत जाईल, ही शेतकऱ्याची धास्ती रास्त आहे, पण अर्धीच. गॅसमध्ये जातो तो कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश मागच्या रबडीत राहतात. ती रबडी शेतात परत आली तर चक्र पुरं होतं. कर्बाची तूट मात्र पडतेच आणि ती शेतातच राखलेल्या पाचटाने भरून काढावी लागते.

खरी अडचण वाहतुकीची आहे. प्रेसमड ओलं आणि जड. त्यामुळे ते कारखान्याजवळच्या रानांत पडतं आणि वीस-तीस किलोमीटरवरच्या शिवारातून फक्त ऊस येत राहतो. एकीकडे माती भरते, दुसरीकडे रिती होते. ऊस भरून आलेला ट्रॅक्टर रिकामा परत जातो, त्यात कंपोस्ट का जाऊ नये? सभासदाच्या उसाच्या टनांच्या हिशेबात त्याला द्यायचं कंपोस्ट ठरवून द्यावं आणि भाडं कारखान्याने सोसावं. वार्षिक सभेत दराइतक्याच जोराने ही मागणी व्हायला हवी.