विश्लेषण : अमरावतीच्या जितेश शर्माची दखल इतक्या उशिरा का घेतली गेली?

अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा आज आयपीएलमधील सर्वांत धोकादायक 'फिनिशर'पैकी एक मानला जातो. मात्र, पहिल्यांदा आयपीएल संघात निवड होणे आणि प्रत्यक्ष पहिला सामना खेळणे यांत त्याची सहा वर्षे गेली. असे का झाले? आणि ओळख मिळाल्यानंतरही त्याचे भारतीय संघातील स्थान पक्के का झाले नाही?

कोण आहे जितेश शर्मा?

जितेशचा जन्म २२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावतीत झाला. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे हे शहर मल्लखांब आणि देशी खेळांसाठी देशभर ओळखले जाते. क्रिकेटचे विदर्भातील केंद्र मात्र नागपूर. त्यामुळे अमरावती, अकोल्यातील मुलांना पुढे जायचे तर नागपूर गाठावेच लागते. लहानपणी जितेशला सैन्यदलात जायचे होते. राज्य पातळीवर खेळल्यास परीक्षेत वाढीव गुण मिळतात, हे कळल्यावर तो क्रिकेटकडे वळला. २०१४ मध्ये त्याने विदर्भाकडून एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केले.

सहा वर्षे कुठे गेली?

२०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली ट्वेन्टी-२० स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांच्या यादीत जितेश वरच्या स्थानांवर होता. त्या जोरावर मुंबई इंडियन्सने २०१६ साठी त्याला १० लाख रुपयांत घेतले. मात्र, संघात पार्थिव पटेल आणि जोस बटलर हे दोन यष्टिरक्षक आधीच होते. फलंदाज किंवा गोलंदाजाला अकरा जणांत कुठेतरी जागा सापडते. यष्टिरक्षकाची जागा एकच असते. जितेशला मुंबईकडून एकही सामना मिळाला नाही. पुढची काही वर्षे त्याने देशांतर्गत क्रिकेटमध्येच काढली.

मग बदलले काय?

बदलला तो फलंदाजीचा क्रमांक. सलामीला खेळणारा जितेश खाली येऊन शेवटच्या षटकांत फटकेबाजी करू लागला. पंजाब किंग्जने २०२२ मध्ये त्याला २० लाख रुपयांत घेतले. त्या वर्षी एप्रिलमध्ये चेन्नईविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने १७ चेंडूंत २६ धावा केल्या. त्या हंगामात १२ सामन्यांत त्याच्या २३४ धावा झाल्या, पुढच्या हंगामात ३०९. अकोल्याचा अथर्व तायडेही तेव्हा पंजाबच्याच संघात होता. त्यामुळे वऱ्हाडातील दोन शेजारी जिल्ह्यांचे खेळाडू एकाच ड्रेसिंग रूममध्ये दिसत होते.

कमी धावा करूनही खेळाडू मोठा कसा?

जितेशची दखल उशिरा घेतली जाण्याचे खरे कारण इथे आहे. आपण फलंदाज जोखतो तो एकूण धावा, शतके आणि सरासरीवरून. सलामीवीराला पूर्ण २० षटके खेळण्याची संधी असते. सहाव्या क्रमांकावरच्या फलंदाजाला अनेकदा १०-१५ चेंडूच मिळतात आणि त्यातही पहिल्या चेंडूपासून धोका पत्करावा लागतो. तो दहा चेंडूंत २४ धावा करतो, सामना फिरतो, पण धावफलकात ती खेळी लहानच दिसते. म्हणून अशा खेळाडूचे मोल स्ट्राइक रेटवर, म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा, यावर मोजावे लागते. २०२२ च्या हंगामात जितेशचा स्ट्राइक रेट १६३ हून अधिक होता.

२७ मे २०२५ रोजी काय घडले?

बंगळूरुने लिलावात जितेशसाठी ११ कोटी रुपये मोजले तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. त्याचे उत्तर लखनऊमध्ये मिळाले. साखळीतील शेवटच्या सामन्यात बंगळूरुसमोर २२८ धावांचे लक्ष्य होते आणि त्या दिवशी नेतृत्वही जितेशकडेच होते. विराट कोहली बाद झाला तेव्हा धावसंख्या ४ बाद १२३ होती. तिथून जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावल्या आणि मयांक अगरवालसह आठ चेंडू राखून सामना जिंकून दिला. या विजयाने संघ गुणतक्त्यात पहिल्या दोघांत पोहोचला. ३ जूनच्या अंतिम सामन्यात त्याच्या १० चेंडूंतील २४ धावा मोलाच्या ठरल्या. बंगळूरुने पंजाबला अवघ्या सहा धावांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

भारतीय संघात स्थान पक्के का नाही?

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत जितेशने भारताकडून पदार्पण केले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या संघात तो होता. २०२५ च्या आशिया चषक विजेत्या संघातही त्याची निवड झाली, पण यष्टिरक्षण संजू सॅमसनने केले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे त्याने १३ चेंडूंत नाबाद २२ धावा करत सामना संपवला.

तरीही डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या संघात त्याचे नाव नव्हते. सॅमसन आणि ईशान किशन या दोन यष्टिरक्षकांना पसंती मिळाली. दोघेही वरच्या फळीतले. यष्टिरक्षक सलामीला आला, की खालच्या क्रमांकावर आणखी एक फलंदाज किंवा अष्टपैलू खेळवता येतो. म्हणजे ज्या क्रमांकाने जितेशला ओळख दिली, तोच क्रमांक विश्वचषकाच्या वेळी त्याच्या आड आला.

यातून काय दिसते?

जितेशला आयपीएलमध्ये पहिला सामना मिळाला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. या वयात अनेक जण बॅट ठेवून नोकरीकडे वळतात. नव्या भूमिकेसाठी खेळ बदलण्याची त्याची तयारी निर्णायक ठरली. अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलांसाठी यात धीर आहे आणि इशाराही. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या खेळाडूकडे नजर जायला वेळ लागतो, आणि ती गेल्यावरही जागा दर हंगामात नव्याने कमवावी लागते.