वेधशाळांच्या वाटेवर – लेखांक ६ : कावसजींची वेधशाळा

गेल्या आठवड्यात आपण लायडनला होतो. विद्यापीठाच्या इमारतीवर १६३३ साली उभारलेली ती वेधशाळा. आज थेट पुण्याला येऊ. इथल्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या, आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले, आणि वेधशाळा जवळपास एकट्या माणसाच्या जिवावर चाललेली. तो माणूस म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला.

मूळ बेत साधा होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात वर्णपट तपासायची प्रयोगशाळा काढायची. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी पाच हजार रुपये दिले, तेवढीच भर सरकारने घातली. सामान घ्यायला कावसजी १८८४ मध्ये विलायतेला गेले. तिथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेची वेधशाळा करायचे ठरले. मुंबईची हवा या कामाला नालायक, म्हणून जागा पुण्याची. डब्लिनच्या ग्रबकडून वीस इंची आरशाची दुर्बीण आली. तेव्हा भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

तिच्यावर झालेले मला सर्वांत आवडणारे काम मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे. त्या मेघाच्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकियर म्हणत, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा मॅग्नेशियमची. पण मॅग्नेशियम जळताना त्या जागी जो पट्टा उमटतो, त्याची एक कड धारदार असते आणि दुसरीकडे तो विरत जातो. तेव्हा प्रकाश भरपूर फाकवून रेषा नीट पाहायची, की निकाल लागला. कावसजींनी १८९१ च्या सुमारास ती पाहिली. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव होती, विरणे कुठेच नव्हते. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली, त्यांच्याच मताला छेद देणारा हा निष्कर्ष त्यांनी बिनदिक्कत छापला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे कळायला मात्र १९२७ साल उजाडले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला कावसजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच उतरली होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याच्या वर्णावरणाचे आणि प्रभामंडळाचे वर्णपट टिपायचे. लॉकियर त्याच दिवशी विजयदुर्गावर होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ याच ग्रहणाची आठवण. हेलियमचा शोध तिथे लागला असे आपल्याकडे हौसेने सांगतात, पण ते खरे नाही. सूर्यातली हेलियमची पिवळी रेषा लॉकियर यांनी १८६८ मध्ये, इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाविनाच पाहिली होती. जेऊरच्या मोहिमेबद्दल मात्र आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही.

कावसजी १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळेला टाळे लागले. त्यांच्यामागे काम चालवील असा माणूसच तयार झाला नव्हता. एवढे मोठे यंत्र पदरी असलेल्या कॉलेजाने तो घडवायला हवा होता, असे मला वाटते. सगळी उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बिणीला तिथे ‘भावनगर दुर्बीण’ हे नाव पडले, आणि १९८० च्या दशकात लडाखचे आकाश वेधशाळेला कितपत मानवेल हे पाहायला तिला लेहला नेले गेले. पुढच्या आठवड्यात कोडाईकनाल.