परवडणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर: निवड आणि वापर

हे टिपण कोणासाठी?

महाराष्ट्रातून पदविका किंवा पदवी घेऊन पुढच्या परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला आलेले अनेक मराठी विद्यार्थी आयआयटीजवळच्या जिया सराय, बेर सराय, कटवारिया सराय या भागांत राहतात. काही जण दिल्ली विद्यापीठात विज्ञान शाखेला असतात, तर काही नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममध्ये अभियांत्रिकी शिकतात. खोलीभाडे, मेस आणि क्लासची फी भागवता भागवता कॅल्क्युलेटरची खरेदी आली की दोन चुका होतात. काही जण गरज नसताना महागडे मॉडेल घेतात. काही जण चांगले मॉडेल घेतात, पण ते नीट वापरायला शिकत नाहीत. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण तिथे पैसे जात नाहीत, गुण जातात.

या टिपणात आपण तीन गोष्टी पाहू: परीक्षेच्या नियमानुसार निवड, खरेदी करताना करायची तपासणी आणि वापरातल्या नेहमीच्या चुका. वाचताना कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा आणि प्रत्येक उदाहरण करून पाहा.

१. आधी नियम, मग मॉडेल

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या परीक्षेची सूचना वाचा. पुढील परीक्षांचे नियम एकमेकांपेक्षा किती वेगळे आहेत ते पाहा.

• सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर नेता येत नाही.
• जेईई मेन आणि नीट या परीक्षांतही कॅल्क्युलेटर चालत नाही. आकडेमोड हातानेच करावी लागते.
• महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका परीक्षेत प्रोग्रॅम न करता येणारा खिशातला कॅल्क्युलेटर चालतो, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते.
• गेट परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. २०१६ पासून संगणकाच्या पडद्यावरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरावा लागतो.
• केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेच्या वस्तुनिष्ठ पेपरांना कॅल्क्युलेटर चालत नाही. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक पेपरांना प्रोग्रॅम न करता येणारा चालतो.
• दिल्ली विद्यापीठ आणि इग्नू यांच्या परीक्षांत विषयागणिक नियम बदलतो. एकाच सत्रात एका पेपराला परवानगी असते, तर गणिताच्या दुसऱ्या पेपरावर स्पष्ट मनाई असते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरील सूचना पाहून ठेवा.

यातून काय दिसते? पदविकेची तीन वर्षे ज्या कॅल्क्युलेटरने तुम्ही गणिते सोडवलीत, तोच गेटच्या दिवशी खोलीवर ठेवून जावा लागतो. म्हणून फक्त गेट देणार असाल तर नवीन महागडे मॉडेल घेण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकी सेवा परीक्षाही देणार असाल, तर मात्र चांगले मॉडेल मुख्य परीक्षेत उपयोगी पडते.

२. कोणते मॉडेल पुरेसे?

भारतात विद्यार्थी प्रामुख्याने कॅसिओची मॉडेल वापरतात. ऑरपॅटसारख्या भारतीय कंपन्यांचे स्वस्त कॅल्क्युलेटरही मिळतात. भाव बदलत असतात, पण ढोबळमानाने तीन गट करता येतात.

पहिला गट, साधारण पाचशे रुपयांच्या आसपास: कॅसिओ एफएक्स-८२ एमएस यासारखी मॉडेल. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, घात, मुळे, अपूर्णांक, सरासरी, प्रमाण विचलन आणि रिग्रेशन एवढे यात होते. मॅट्रिक्स, संमिश्र संख्या आणि इंटिग्रेशन होत नाही. बीएस्सीची पहिली वर्षे, प्रयोगशाळेतील नोंदी आणि बहुतेक पदविका विषय यांना हा पुरतो.

दुसरा गट, साधारण हजार रुपयांच्या आसपास: एफएक्स-९९१ एमएस. यात मॅट्रिक्स, सदिश, संमिश्र संख्या, एकसामयिक समीकरणे आणि संख्यात्मक इंटिग्रेशन आहे. विद्युत अभियांत्रिकीत संमिश्र संख्या रोज लागतात, स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीत समीकरणे लागतात. त्यांच्यासाठी हा गट योग्य.

तिसरा गट, साधारण बाराशे ते अठराशे रुपये: एफएक्स-९९१ ईएस प्लस आणि एफएक्स-९९१ सीडब्ल्यू. कामे बरीचशी दुसऱ्या गटासारखीच, पण अपूर्णांक, मूळ आणि घात पुस्तकात छापतात तसेच पडद्यावर दिसतात. त्यामुळे कंसांच्या चुका लवकर लक्षात येतात. जादा पैसे मुख्यतः या सोयीसाठी आहेत.

ही सर्व मॉडेल प्रोग्रॅम न करता येणारी आहेत. एफएक्स-५८०० पी हे मात्र प्रोग्रॅम करता येणारे मॉडेल आहे. ते कोणी स्वस्तात देत असले तरी परीक्षेसाठी घेऊ नका.

३. खरेदी आणि तपासणी

चांदणी चौकाजवळची नई सडक पुस्तके आणि स्टेशनरीसाठी प्रसिद्ध आहे. चावडी बाजार मेट्रो स्थानकावरून तिथे चालत जाता येते. नेहरू प्लेस आणि उत्तर परिसराजवळचे कमला नगर हेही पर्याय आहेत. कुठेही घ्या, पण पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर माल बनावट असण्याची शंका घ्या.

अभ्यासक्रम संपवून जाणाऱ्या सीनियरकडून जुना कॅल्क्युलेटर घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. घेण्यापूर्वी एवढे करून पाहा.

• प्रत्येक बटण एकदा दाबा. जोर द्यावा लागणारे किंवा दोनदा उमटणारे बटण परीक्षेत घात करते.
• ८८८८८८८८८८ टाइप करा. आकड्याची एखादी रेघ गायब असेल तर ८ चा ६ किंवा ९ दिसतो.
• सौर पट्टी असलेल्या ९९१ मालिकेत पट्टी बोटाने झाका. पडदा फिकट झाला तर आतला सेल संपत आला आहे. सेल बदलणे स्वस्त आहे, तेवढ्यासाठी सौदा सोडू नका.
• आधीच्या मालकाच्या सेटिंग पुसून टाका. एफएक्स-८२ एमएसमध्ये शिफ्ट, मोड, ३, बरोबर. ९९१ ईएस प्लसमध्ये शिफ्ट, ९, ३, बरोबर, एसी.

दिल्लीच्या हवेचाही विचार करा. या कॅल्क्युलेटरसाठी कंपनीने सांगितलेले वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस आहे. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा त्यापुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत त्याहून जास्त तापते. तिथे कॅल्क्युलेटर विसरलात तर पडदा काळवंडू शकतो.

४. वापरातल्या सहा चुका

कॅल्क्युलेटर तुम्ही मनात काय धरले होते ते पाहत नाही, तुम्ही काय दाबले तेवढेच पाहतो. चूक झाली तरी तो इशारा देत नाही, तितक्याच ठामपणे चुकीचे उत्तर दाखवतो. म्हणून पुढील सहा ठिकाणी थांबायची सवय लावा.

(अ) अंश की रेडियन? साइन ३० काढा. उत्तर ०.५ आले तर कॅल्क्युलेटर अंशात आहे. −०.९८८ आले तर रेडियनमध्ये आणि ०.४५४ आले तर ग्रेडमध्ये. बदलण्यासाठी ८२ एमएसमध्ये मोड दोनदा दाबून अंशासाठी १, रेडियनसाठी २. ईएस प्लसमध्ये शिफ्ट, मोड, मग अंशासाठी ३, रेडियनसाठी ४.

भूमितीत बहुतेक वेळा अंश लागतात, पण आवर्त गतीत रेडियन लागतात. उदाहरण: आयाम ५ सेंमी, कोनीय वारंवारता २ रेडियन प्रति सेकंद, वेळ ०.५ सेकंद, विस्थापन = ५ × साइन(२ × ०.५). रेडियनमध्ये उत्तर ४.२१ सेंमी येते. अंशात ठेवल्यास ०.०८७ सेंमी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

(आ) छेदाला कंस नसणे. एलसी मंडलाची अनुनाद वारंवारता १ ÷ (२ × π × √(एल × सी)) असते. एल १० मिलिहेन्री आणि सी १०० नॅनोफॅरड घेतल्यास उत्तर सुमारे ५०३३ हर्ट्झ येते. छेदाचा कंस न देता १ ÷ २ × π × √… असे दाबले तर ०.००००४९७ येते, कारण कॅल्क्युलेटर १ ला फक्त २ ने भागतो आणि उरलेल्याने गुणतो.

गुणाकाराचे चिन्ह गाळण्याची सवयही सोडा. ६ ÷ २(१ + २) याचे उत्तर काही मॉडेल ९ देतात, तर काही १. प्रत्येक ठिकाणी × दाबला आणि पूर्ण छेदाला कंस दिला की मॉडेल कोणतेही असो, उत्तर एकच येते.

(इ) दहाचे घात. २ × १० चा घात ३ लिहिताना × १ ० आणि घाताचे बटण वापरू नका. १ ÷ २ × १० घात ३ असे दाबल्यास ५०० येते, खरे उत्तर ०.०००५ आहे. यासाठी वेगळे बटण असते: एमएस मालिकेत त्यावर ईएक्सपी लिहिलेले असते, ईएस प्लसमध्ये ×१० आणि वर घात. १ ÷ २, ते बटण, ३ असे दाबा. त्या बटणातच १० आहे, म्हणून त्याआधी पुन्हा १० टाइप करू नका.

(ई) ऋण संख्येचा वर्ग. −३ आणि वर्गाचे बटण दाबल्यास −९ येते, कारण आधी ३ चा वर्ग होतो आणि मग ऋण चिन्ह लागते. ९ हवे असेल तर (−३) कंसात लिहून वर्ग करा. प्रमाण विचलन सूत्राने काढताना ही चूक हमखास होते.

(उ) लॉग आणि एलएन. लॉगचा पाया १०, एलएनचा पाया ई. २ चा लॉग ०.३०१, तर एलएन ०.६९३. क्षय स्थिरांक ०.०५ प्रतिदिन असताना अर्धायुष्य = एलएन २ ÷ ०.०५ = १३.८६ दिवस. चुकून लॉग दाबल्यास ६.०२ दिवस येतात आणि तो आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

(ऊ) मध्येच आकडा तोडणे. एक लाख रुपये १२ टक्के वार्षिक दराने, रोज चक्रवाढ पद्धतीने एक वर्ष ठेवले. रोजचा दर ०.१२ ÷ ३६५ = ०.०००३२८७६७… हा वहीत ०.०००३ असा लिहून पुढे वापरला तर व्याज ११,५७० रुपये येते. खरे व्याज १२,७४७ रुपये आहे. म्हणजे ११७७ रुपयांचा फरक. पहिल्या उत्तरानंतर (१ + आन्सर) घात ३६५ असे दाबा. ‘आन्सर’ बटणात मागचे उत्तर पूर्ण अंकांसह राहते. एकच आकडा अनेकदा लागत असेल तर तो ए, बी, सी या मेमरीत ठेवा. आकडा फक्त शेवटी तोडा.

सांख्यिकी करणाऱ्यांसाठी एक टीप. १२, १५, ११, १४, १३ यांची सरासरी १३ आहे. प्रमाण विचलन मात्र दोन प्रकारचे येते: एनने भागल्यास १.४१४, एन वजा १ ने भागल्यास १.५८१. प्रयोगातील नमुन्यासाठी सहसा दुसरे वापरतात. प्रश्नात कोणते विचारले आहे ते पाहूनच बटण निवडा.

५. गेटचा पडद्यावरचा कॅल्क्युलेटर

हाताच्या कॅल्क्युलेटरवर तयार झालेली बोटे इथे अडखळतात. तो माउसने चालवावा लागतो, कीबोर्ड वापरता येत नाही. साइन ३० साठी आधी ३०, मग साइन दाबावे लागते, म्हणजे क्रम उलटा. मॅट्रिक्स, समीकरणे किंवा इंटिग्रेशनची सोय नाही. अंश की रेडियन हे वरच्या गोल खुणांवरून निवडतात. ती खूण दर वेळी पाहा.

गेटमधील संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना पर्याय दिलेले नसतात. पर्याय असले की “आपले उत्तर यात नाही” हे पाहून तरी चूक सापडते. इथे ती सापडत नाही. म्हणून परीक्षेपूर्वीचे किमान दोन महिने सर्व सराव याच कॅल्क्युलेटरवर करा. गेटच्या अधिकृत संकेतस्थळावर तो सरावासाठी मोफत उपलब्ध असतो. या तयारीला एक रुपयाही लागत नाही.

६. अंदाज आधी

बरोबरचे बटण दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज करा. ३९८ × २१ म्हणजे ४०० × २० = ८००० च्या आसपास. पडद्यावर ८३५८ आले तर ठीक, ८३५.८ आले तर काहीतरी चुकले. वारंवारता काढताना ०.००००४९७ हर्ट्झ आली तर मंडल जवळजवळ साडेपाच तासांत एकदा दोलन करते असा अर्थ होतो. एवढा विचार केला तरी कंस राहिल्याचे कळते.

सारांश

• परीक्षेचा नियम वाचल्याशिवाय खरेदी करू नका.
• आपल्या विषयाला लागेल तेवढेच मॉडेल घ्या. जुना कॅल्क्युलेटर तपासून घेतला तरी चालतो.
• एकच मॉडेल वर्षभर वापरा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बदलू नका.
• पेपर सुरू होताच साइन ३० तपासा.
• छेदाला कंस, घाताला योग्य बटण, आकडा शेवटीच तोडणे.

स्वतः करून पाहा

१) ५ ÷ (२ × ३)
२) (−४) चा वर्ग आणि कंसाविना −४ चा वर्ग
३) १ चा व्यस्त टॅन, अंशात आणि रेडियनमध्ये
४) क्षय स्थिरांक ०.०२ प्रतिवर्ष असल्यास अर्धायुष्य

उत्तरे: १) ०.८३३ (७.५ आले तर कंस राहिला) २) १६ आणि −१६ ३) ४५ आणि ०.७८५ ४) ३४.६६ वर्षे (१५.०५ आले तर एलएनऐवजी लॉग दाबला)