मूल आईकडे, फी बाबा भरतात: टॅक्सची सूट कुणाला?

घटस्फोट झालाय, मुलाचा ताबा आईकडे आहे, पण शाळेची फी तुम्ही भरता. मग मुलाला 'डिपेंडंट' दाखवून टॅक्स वाचवता येतो का?

आधी एक गोंधळ काढून टाकू. अमेरिकेत मूल ज्याच्याकडे राहतं, त्याने फॉर्म ८३३२ वर सही दिली की दुसऱ्या पालकाला मुलाचा टॅक्स क्रेडिट घेता येतो. ते व्हिडिओ बघून आपल्याकडे तसा फॉर्म शोधू नका. भारतात 'मूल माझ्यावर अवलंबून आहे' एवढ्यावर सूट मिळतच नाही. इथे प्रश्न एकच: पैसे कुणी भरले?

जुन्या टॅक्स रिजीममध्ये काय मिळतं?

१. ट्यूशन फी (८०सी): दोन मुलांपर्यंत, भारतातल्या शाळा-कॉलेजची पूर्णवेळ शिक्षणाची फी. ताब्याची अट नाही, पण फी तुम्ही भरलेली हवी. पीएफ, एलआयसी सगळं धरून मर्यादा १.५ लाख. डोनेशन, बसचे पैसे यात येत नाहीत.

२. मेडिक्लेम (८०डी): अवलंबून असलेल्या मुलाचा हप्ता धरता येतो. स्वतःचा आणि मुलांचा मिळून २५,००० पर्यंत. रोख भरलात तर सूट नाही.

पोटगीचं काय?

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाने दरमहा रक्कम ठरवून दिली असेल, तरी त्यावर वजावट नाही. दुकानाच्या खात्यातून दिली म्हणून तो धंद्याचा खर्च होत नाही. हिशोबात ती तुमची घरखर्चाची उचल म्हणूनच लिहा. आईच्या खात्यात पैसे टाकले आणि फी तिने भरली, तर तुमच्या हातात पुरावा काय? म्हणून फी थेट शाळेच्या खात्यात भरा, पावती जपून ठेवा.

मुलाच्या नावावर एफडी आहे?

लग्न टिकून नसेल, तर अज्ञान मुलाचं व्याज त्या वर्षी मुलाचं पालनपोषण करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. एफडी कुणी केली, हे तिथे बघत नाहीत.

आता धंदेवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं

वरच्या दोन्ही सुटी नव्या रिजीममध्ये नाहीत, आणि आता नवी रिजीमच आपोआप लागू होते. धरा, तुमच्या पोळी-भाजी केंद्राचा वर्षाचा नफा ९ लाख आणि फी ६०,०००. फीची सूट मिळावी म्हणून जुनी रिजीम घेतली, तर ८.४ लाखांवर सेससह ८३,७२० रुपये टॅक्स. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे टॅक्स शून्य! साडेबारा हजार वाचवायला गेलात आणि ८३ हजार घालवून बसलात.

शिवाय नोकरदार दरवर्षी रिजीम बदलू शकतो, आपण नाही. २०२५-२६ साठी जुनी हवी तर रिटर्नच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुनीतून नव्यात परत आलात, की धंद्याचं उत्पन्न आहे तोवर पुन्हा जुनी मिळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत. त्यामुळे सीएकडे जाताना नंबर पाठ करू नका. फीच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि कोर्टाचा आदेश घेऊन जा, आणि दोन्ही रिजीमचा हिशोब शेजारी-शेजारी मांडायला सांगा.